ओमरॉनचे रक्तदाबयंत्र : खरेदीआधी दंडाचा घेर मोजा

घरी रक्तदाब मोजण्यासाठी ओमरॉन या जपानी कंपनीचे एचईएम-७१२० हे यंत्र मी निःशंकपणे सुचवीन, मात्र एका अटीवर. त्यासोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे, आणि आपला दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टाच घ्यायला हवा, कारण तोकड्या पट्ट्याने आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. आम्ही ज्या दुकानातून यंत्र घेतले, तेथे किंमत, हमी आणि सवलत यांविषयी भरभरून सांगण्यात आले, पण दंडाचा घेर कोणी विचारला नाही, याची मला खंत वाटते. शिंप्याची टेप घरोघरी असते. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध ती गुंडाळून पाहावी आणि मगच दुकानात जावे.

यंत्र चार पेन्सिल सेलवर चालते, एकच बटण दाबावे लागते आणि आकडे ठळक असल्याने वयस्कर माणसांना सहज वाचता येतात. पट्टा कोपराच्या वळणापासून दोन बोटे वर, उघड्या दंडावर आणि नळी आतल्या बाजूने येईल असा बांधावा. घट्ट गुंडाळलेली शर्टाची बाही वर सरकवून मोजणे टाळावे.

आमच्या आईचा वरचा आकडा दवाखान्यात हमखास १५०च्या पुढे जात असे. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी आठवडाभराच्या घरच्या नोंदी मागितल्या. सकाळी चहा आणि औषधांपूर्वी, तसेच संध्याकाळी जेवणापूर्वी, लघवीला जाऊन आल्यावर ती पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, न बोलता बसे. हात हृदयाच्या पातळीवर यावा म्हणून टेबलावर एक उशी ठेवलेली असे. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहिले जात. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढली, तेव्हा ती १३५/८५च्या आत निघाली. घरच्या मोजणीत हीच उच्च रक्तदाबाची सीमा धरतात. दवाखान्यात ती १४०/९० असते. याच्या उलट, दवाखान्यात आकडा चांगला आणि घरी चढलेला, असेही अनेकांच्या बाबतीत घडते, आणि ते अधिक घातक, कारण त्याचा संशयच येत नाही.

पट्ट्यातील हवा उतरताना धमनीतून येणारे सूक्ष्म कंप टिपून हे यंत्र रक्तदाबाचे गणित मांडते. त्यामुळे ज्यांच्या हृदयाचे ठोके सतत अनियमित पडतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. मनगटावर बांधण्याची यंत्रे दिसायला सुटसुटीत असली, तरी हाताची पातळी थोडी चुकली की त्यांचा आकडा बदलतो, म्हणून दंडावरचेच यंत्र घ्यावे.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजावे आणि पुढे जिथे आकडा जास्त येईल तोच हात धरावा. एखादा आकडा चढलेला दिसला म्हणून गोळी आपल्या मनाने वाढवू नये. पण १८०/१२०च्या वर आकडा आणि त्यासोबत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा बोलताना जीभ अडखळणे असे काही असेल, तर पुन्हा मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.