बँडकॅम्प: विकत घेतलेलं गाणं आपल्याच पेनड्राइव्हवर

पैसे देऊन गाण्याची फाइल घ्यायची आणि हव्या त्या मशीनवर वाजवायची, अशी सोय आता थोड्याच ठिकाणी उरली आहे. 2008 साली सुरू झालेली बँडकॅम्प ही साइट त्यातली सगळ्यात भरवशाची. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्येही ऑफलाइन डाउनलोड असतं, पण ते ॲपच्या बाहेर काढता येत नाही आणि वर्गणी थांबली की वाजत नाही. इथे मिळते ती साधी, कुलूप नसलेली फाइल. नागपूरहून जबलपूर रस्त्याने जाताना पेंचच्या जंगलात रेंज गेल्यावर हा फरक लगेच कळतो.

खरेदीआधी एक काम करून ठेवा. नवीन डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंदच असतात. 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा हजार-दोन हजारांची ठेवा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. पेमेंट फसण्याचं नेहमीचं कारण हेच असतं. किंमत बहुतेक वेळा डॉलर किंवा युरोत असते, त्यावर बँक परकीय चलनाचा आकार लावते, म्हणून स्टेटमेंटवर आकडा थोडा जास्त दिसतो. पेपॅलनेही पैसे देता येतात. कलाकाराने ठेवलेल्या किमतीपेक्षा जास्त रक्कमही भरता येते. काही अल्बमची किमान किंमत शून्य असते, पण आवडलं तर काहीतरी द्यावंच.

खातं न उघडताही खरेदी होते, पण मग डाउनलोडची लिंक फक्त ईमेलमध्ये राहते. त्यापेक्षा आधी खातं उघडा, म्हणजे घेतलेलं सगळं एका जागी दिसतं. फोनवरून घेणाऱ्यांची गल्लत इथे होते: बँडकॅम्पचं ॲप गाणं ऐकवतं, फाइल हातात देत नाही. फाइल हवी तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून डाउनलोड करावी लागते. अल्बम झिप होऊन येतो, तो फोनच्या फाइल्स ॲपमध्ये उघडता येतो.

डाउनलोडच्या वेळी फॉरमॅट विचारला जातो आणि हीच या सेवेची मोठी जमेची बाजू. एकदा पैसे भरले की एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह, एएसी यांपैकी काहीही, कितीही वेळा उतरवा. चार मिनिटांचं सीडीच्या दर्जाचं गाणं वेव्हमध्ये सुमारे 42 एमबी होतं, फ्लॅकमध्ये साधारण 25 आणि 320 केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) एमपीथ्रीत 9.6. घरी साठवायला फ्लॅक घ्या, कारण त्यात मूळ रेकॉर्डिंगचं काहीच कमी होत नाही आणि पुढे हवा तो फॉरमॅट त्यातून बनवता येतो. गाडीसाठी 320 चा एमपीथ्री घ्या. एमपीथ्रीचाच व्ही-झिरो नावाचा पर्यायही चांगला वाजतो, पण त्याचा बिटरेट बदलता असल्यामुळे काही जुने स्टिरिओ गाण्याची लांबी चुकीची दाखवतात.

गाडीत वाजवताना अडचणी येतात, पण त्या साइटच्या नसतात. पेनड्राइव्हवर फाइल मांडण्याच्या एक्सफॅट आणि फॅट32 अशा पद्धती असतात. 64 जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट होऊन येतो आणि बऱ्याच स्टिरिओंना फक्त फॅट32 वाचता येतं. 32 जीबीचा घेतला तर सहसा ही कटकट नाही. गाणी उलटसुलट क्रमाने वाजत असतील तर कारण वेगळं. अनेक स्टिरिओ नावाप्रमाणे न जाता, फाइल कॉपी झाल्या त्या क्रमाने जातात. पेनड्राइव्ह रिकामा करून गाणी एकेक करून क्रमाने टाका. बँडकॅम्पच्या फाइलला आधी कलाकाराचं नाव, मग अल्बमचं, मग नंबर आणि शेवटी गाणं, असं लांबलचक नाव असतं. स्टिरिओच्या छोट्या पट्टीवर त्यातला कलाकारच दिसतो आणि सगळी गाणी सारखी वाटतात. एमपीथ्रीटॅग या फुकट प्रोग्रॅमने नंबर पुढे घ्या. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर त्याच प्रोग्रॅममध्ये नाव रोमन लिपीत लिहा. आणि मे महिन्यात पेनड्राइव्ह उन्हातल्या गाडीत लावून ठेवू नका. बाहेर 45 अंश असतात तेव्हा बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त असतात.

नागपुरात बर्डीच्या बाजारात गाणी भरलेले कार्ड किंवा पेनड्राइव्ह मिळतात त्यांच्याशी तुलना होणारच. तिथे हजारो गाणी एकदम मिळतात, पण गायक-वादकांपर्यंत त्यातला रुपयाही पोचत नाही आणि दर्जाचीही खात्री नसते. अनेकदा 128 केबीपीएसची फाइल नुसती 320 मध्ये बदलून ठेवलेली असते. आकार वाढतो, आवाज तोच राहतो. तपासायचं असेल तर स्पेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका. आलेख 16 किलोहर्ट्झच्या आसपास सपाट कापलेला दिसला तर मूळ फाइल बहुधा 128 चीच. खरी 320 ची साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत जाते.

विकत घेण्याची सवय आपल्याकडे रुजली नाही, याचा दोष फक्त ऐकणाऱ्यांना देणं बरोबर नाही. इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय देणारं नॅपस्टर 1999 मध्ये आलं, खटल्यांमुळे 2001 मध्ये बंद पडलं आणि 2003 मध्ये ॲपलने अमेरिकेत 99 सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली. भारतात फ्लिपकार्टचं फ्लाइट हे दुकान 2012 च्या फेब्रुवारीत उघडलं आणि 2013 च्या जूनमध्ये बंद झालं. त्याच काळात ॲपलचं दुकान, आयट्यून्स, भारतात आलं. दहा-पंधरा रुपयांच्या गाण्यासाठी कार्डाचा नंबर टाका, पासवर्डची वाट बघा, एवढा खटाटोप कोण करणार? यूपीआय आलं 2016 मध्ये. त्याच वर्षी जिओमुळे डेटा जवळजवळ फुकट झाला आणि लोक थेट स्ट्रीमिंगकडे गेले. विकत घेणं सोपं झालं तेव्हा दुकानंच फारशी उरली नव्हती.

बँडकॅम्पची मोठी उणीव मराठीची आहे. जुनी चित्रपटगीतं, नाट्यसंगीत, दीक्षाभूमीवरून पूर्वी कॅसेटमधून घरोघर गेलेली भीमगीतं, यांच्यासाठी इथे येऊ नका. ते हक्क मोठ्या-छोट्या कॅसेट कंपन्यांकडे आहेत आणि त्या इथे विकत नाहीत. स्वतंत्र बँड, जॅझ, इलेक्ट्रॉनिक, जगभरचं लोकसंगीत यांच्यासाठी मात्र इतकं मोठं आणि चाळायला सोपं दुकान दुसरं नाही.

विकणाऱ्याच्या बाजूनेही व्यवहार चोख आहे. साइट डिजिटल विक्रीचे 15 टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा. ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडूनही देते. नागपुरातल्या एखाद्या बँडला किंवा शाहिराला इथे अल्बम ठेवायचा असेल तर रेकॉर्डिंगवाल्याकडून एमपीथ्री घेऊ नका, वेव्ह मागून घ्या, कारण साइट वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅकच स्वीकारते. पैसे पेपॅलमध्ये येतात. त्या खात्याला पॅन आणि बँक खातं जोडून परपज कोड (परदेशातून पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) निवडावा लागतो. हे अल्बम लावण्याआधीच करून ठेवा.