फळझाडांची छोटी रोपं बर्फाळ हिवाळ्यात कुठे ठेवावीत: जमिनीत, गॅरेजमध्ये की फ्रिजमध्ये?

शिकागो-टोरांटोकडच्या हिवाळ्यात सफरचंदाचं कुंडीतलं रोप दगावतं ते बहुधा मुळांपासून. पानगळ होऊन सुप्तावस्थेत गेलेलं खोड उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरतं. मुळं मात्र उणे १० च्या सुमारास मरू लागतात. जमिनीत थंडी फक्त वरून उतरते, कुंडीत ती चहूबाजूंनी शिरते. त्यामुळे जागा निवडताना मुळांपाशी किती गारठा पोहोचेल, एवढंच आधी बघा.

अंगण असेल तर सफरचंद, नासपती, प्लम यांच्या कुंड्या सरळ जमिनीत पुराव्यात. याहून भरवशाचा उपाय नाही. पानं गळल्यावर, जमीन गोठण्याआधी, कुंडीच्या काठाइतका खोल चर खणा. बर्फ वितळल्यावर पाणी साचतं ती जागा टाळा, मुळं कुजतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, फटींत माती ठासून भरा आणि एकदा भरपूर पाणी द्या; ओलसर माती कोरडीपेक्षा हळू थंड होते. मातीचा वरचा थर गोठला की १५ सें.मी. पालापाचोळा पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. हे घाईने आधीच केलं तर उंदीर त्यात घर करतात. बर्फाखालून ते खोडाची साल कुरतडतात, आणि साल गोलाकार सगळी गेली की वरचं झाड वाचत नाही. म्हणून प्रत्येक रोपाला ६ मि.मी. भोकांच्या तारेच्या जाळीची नळी हवीच: ५ सें.मी. मातीत, वर निदान अर्धा मीटर. जास्त बर्फ साठत असेल तर आणखी उंच.

अंजिराला मात्र न तापवलेलं गॅरेज बरं, कारण त्याचं कोवळं लाकूडच कडाक्यात जळतं. तिथे ० ते ५ अंश राहिले पाहिजेत. तीन-चार आठवड्यांनी बोट खुपसून बघा. माती आतपर्यंत सुकली असेल तरच कपभर पाणी घाला. खरी अडचण मार्चमध्ये येते. गॅरेज तापतं, डोळे (फांदीवरचे कोंबांचे अंकुर) लवकर फुटतात, अंधारात फिकट लांबोडे कोंब येतात आणि बाहेर काढल्यावर पहिल्याच गोठवणाऱ्या दहिवरात करपतात. कुंड्या उत्तरेच्या भिंतीलगत ठेवल्या तर हे लांबतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दोन-चार बारक्या रोपांसाठी फ्रिज वापरावा. पानं गळलेल्या रोपाची माती झटका, मुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घाला, १ ते ४ अंशांवर ठेवा. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी नकोत: पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने डोळे मरतात. दर पंधरवड्याला बुरशी तपासा.

उबदार खिडकीत सफरचंद ठेवू नका. पुरेशी थंडी मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. आंबा, चिकू यांचं उलट आहे, ती घरातच हवीत.

पुरलेल्या कुंड्या डोळे फुगू लागताच, मुळं भोकांतून जमिनीत शिरण्याआधी, ढगाळ दिवशी वर काढा.