शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद: दोन वर्षांनंतरचा अनुभव आणि बादलीचा हिशेब

मे २०२३ मध्ये शेततळ्यात कागद अंथरला, म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून टाकायचं जाड प्लास्टिक. आटपाडी तालुका, दोन एकर डाळिंब, तळं ३० बाय ३० बाय ३ मीटर, म्हणजे काठोकाठ भरलं तर साधारण २२ लाख लिटर. मायक्रॉन (कागदाची जाडी), आयएसआय मार्क वगैरेत शिरत नाही. मला लिहायचंय ते गळतीबद्दल.

पहिल्या वर्षी नाव ठेवायला जागा नव्हती. ऑगस्ट २०२३ आठवत असेल, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आमचा ओढा वाहिलाच नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाचं (पाळीनं सोडलेलं) पाणी तळ्यात घेऊन ठेवलं होतं, त्यावर बाग तगली. शेजारच्या बिनकागदाच्या तळ्यात तेच पाणी महिन्याभरात मुरलं. कागद नि अंथरणी मिळून लाखावर गेलेले पैसे मला तेव्हाच वसूल वाटले.

मग मार्च २०२५. मोटर बंद, ठिबक बंद, तरी पाणी रोज दोन सेंटीमीटर खाली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "उन्हाळा आहे, बाष्पीभवन होणारच." आठ दिवसांत अकरा फोन केले. एक माणूस बघायला आला नाही. विकताना मात्र तिघं बांधावर उभे होते.

शेवटी भाच्यानं सांगितलेला प्रयोग केला. रंगाची रिकामी पांढरी बादली धुतली, तळ्याचंच पाणी घातलं, आतून पेनानं रेघ मारली आणि दोरीनं बांधून काठालगत अर्धी बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजलं. बादलीतलं पाणी ८ मिलिमीटर उतरलं होतं, तळ्यातलं १९. बादली गळत नाही, म्हणजे वरचे ११ मिलिमीटर गळतीचे. पाणी तेव्हा काठापासून मीटरभर खाली होतं, त्या पसाऱ्यावर हिशेब केला तर रोज साडेआठ हजार लिटर जमिनीत जात होतं.

पण बाकीचे ८ मिलिमीटर म्हणजे सहा हजार लिटर, ते खरंच ऊन नेत होतं. इथे माझं मत बदललं. मी सगळा दोष कागदाला देत होतो. झाडाला दिवसाला ४० लिटर धरले तर दीडशे झाडांचं पाणी रोज हवेत जातंय, आणि त्याला कुठलाच कागद काही करू शकत नाही.

चीर सापडली ती इनलेट पाइपाच्या (तळ्यात पाणी पडतं तो पाइप) खाली. टेंभूच्या पाण्याचा बारीक गाळ उतारावर बसलेला असतो, त्यातली एक रेघ कागदाच्या घडीकडे ओढलेली दिसली. हात घातला तर करंगळीएवढी चीर. पाणी पडून पडून घडी घासली होती. पातळी उतरवून, कागद पुसून, वाळवून, गरम हवेच्या मशीननं ठिगळ मारून घेतलं, दीड हजारात. पुन्हा बादली लावली, आता दोन्हीकडे ८ ते ९.

वॉरंटी फक्त उत्पादनदोषाला, घासलेल्या कागदाला नाही, हे कार्डावर बारीक अक्षरात आहे. ते मान्य. पण इनलेटखाली दुसरा थर टाका, हे एक वाक्य अंथरणाऱ्यांनी सांगायला हवं होतं. दोन मीटरच्या तुकड्याचं काम होतं. मार्चमधलं साडेआठ हजार लिटर म्हणजे काय, हे दुष्काळी पट्ट्यात धंदा करणाऱ्याला कळलंच पाहिजे.

नंतर मे २०२५ मध्ये वळवानं झोडपलं, मान्सूनही २५ मेलाच राज्यात आला. मे महिन्यात वाहता ओढा मी पहिल्यांदा पाहिला, आणि पाणी उचलून तळं भरून घेतलं. ठिगळ धरून आहे. ऑगस्ट कोरडा नि मे ओला असं व्हायला लागल्यावर आलं तेव्हा साठवायला जागा हवीच, म्हणून कागद पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. दुकान दुसरं.

बादली काठाला बांधलेलीच आहे. बाष्पीभवन कमी करायला ३० मीटरच्या तळ्यावर कुणी शेडनेट (सावलीची जाळी) ताणली असेल तर वाऱ्यात टिकली का, आणि बादलीतला फरक किती पडला, ते मोजून कळवा.