वाळवंटी गावात बिऱ्हाड हलवताना: कूलर की एसी?

हवा कोरडी असेल तर कूलर कमाल करतो. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १० टक्के असली, तर चांगल्या कूलरमधून येणारी हवा २५ अंशांच्या आसपास असते. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, एवढंच त्यामागचं शास्त्र. वीजही कमी लागते: घरगुती कूलर साधारण २०० वॉट, दीड टनाचा एसी १५०० च्या घरात. मात्र खिडकी थोडी उघडी हवीच, नाहीतर खोली दमट होते. एसीला उलट दारं-खिडक्या बंद लागतात.

कूलरची खरी परीक्षा पाणी घेतं. अशा गावांत पाणी बहुधा जड असतं, त्यामुळे जाळ्यांवर पांढरे, खरखरीत क्षारांचे थर बसतात आणि मग हवा अडते. दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासायला हवी. साचलेल्या पाण्यात डास होतात. पाणी दिवसाआड येत असेल, तर कूलरच्या भरवशावर राहू नका.

धुळीचं वादळ उठलं की एसीच बरा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल, तर एका खोलीत तरी एसी बसवाच, फिल्टर मात्र वरचेवर धुवा. पावसाळी दमट दिवसांत कूलर नुसता चिकचिकाट करतो. बाकी घरासाठी माझं मत कूलरलाच.