दम्यासाठी मेपोलिझुमॅब: काही महिन्यांच्या वापरानंतर

तीव्र दम्यासाठी मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन घ्यायला लागून आता बरेच महिने झालेत. डॉक्टरांनी बायोलॉजिक (दाह वाढवणाऱ्या ठरावीक प्रथिनाला अडवणारं असं इंजेक्शन) सुचवलंय, पण मन तयार होत नाही, अशांसाठी जरा सविस्तर लिहितेय.

मला सगळ्यात मोठा फरक पडला तो स्टिरॉइडच्या गोळ्यांत. पूर्वी साधी सर्दी झाली तरी छाती भरायची, रात्र उशीला टेकून बसून काढावी लागायची आणि प्रेडनिसोलोनचा एक कोर्स संपतो न संपतो तोच दुसरा सुरू व्हायचा. त्या गोळ्यांनी वेळोवेळी तारलं, पण चेहरा सुजला, झोप उडाली, साखर वाढली. इंजेक्शन सुरू झाल्यापासून असा कोर्स लागलेला नाही. स्टिरॉइडची रोजची छोटी गोळी मात्र डॉक्टरांनी फार हळूहळू कमी केली. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं.

हे औषध सरसकट सगळ्यांसाठी नाही. इंटरल्युकिन-5 या प्रथिनाच्या जोरावर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात आणि श्वासनलिका सुजवतात. मेपोलिझुमॅब त्या प्रथिनालाच अडवतं. म्हणून आधी रक्तात इओसिनोफिल किती आहेत ते बघतात. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना हा आकडा खाली दिसतो, तेव्हा जुने रिपोर्ट जपून ठेवा. माझ्या बाबतीत जुन्याच रिपोर्टवरून निदान पक्कं झालं. ज्यांचा दमा ॲलर्जीचा आहे त्यांना ओमालिझुमॅब देतात. ते 2003 पासून वापरात आहे आणि त्याचा डोस वजन आणि आयजीई (ॲलर्जीशी संबंधित रक्तातलं प्रथिन) बघून ठरतो. ड्युपिलुमॅब, बेनरालिझुमॅब, टेझेपेलुमॅब या इतर बायोलॉजिकची वाट आणखी वेगळी. शेजारच्याला लागू पडलं म्हणून आपल्यालाही तेच द्या असा हट्ट धरू नये.

आता प्रत्यक्ष टोचण्याबद्दल. डोस 100 मिलिग्रॅम, दर 4 आठवड्यांनी. पहिले डोस दवाखान्यात घेतले, नंतर नर्सने शिकवल्यावर घरी पेन (औषध आधीच भरलेलं, दाबून टोचायचं इंजेक्शन) वापरायला लागले. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवते, गरम पाण्यात बुडवत नाही. मांडीवर दाबलं की पहिली टिक ऐकू येते आणि खिडकीत पिवळी पट्टी सरकायला लागते. दुसरी टिक आल्यावरही पाच आकडे मोजून मगच उचलायचं. जागा थोडी लाल होते, कधी त्या दिवशी डोकं दुखतं. अंगावर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला, तर मात्र क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठायचं.

पंप सुटलेला नाही. रोजचा स्टिरॉइडचा पंप चालूच आहे आणि अचानक धाप लागली तर लगेच आराम देणारा पंपच ओढायचा. अटॅक आलेला असताना हे इंजेक्शन काही करत नाही.

धीर मात्र हवा. पहिल्या डोसनंतर फारसं काही जाणवलं नव्हतं आणि मी खूप निराश झाले होते. फरक पडतोय की नाही हे साधारण 4 महिन्यांनी तपासतात. तोवर पीक फ्लोचे (छोट्या नळीत जोरात फुंकून मोजलेल्या श्वासाच्या वेगाचे) आकडे, रात्री जाग येणं आणि पंप किती वेळा लागला हे वहीत लिहीत राहा. माझ्या डॉक्टरांनी पुढचे डोस चालू ठेवायचं ठरवताना सगळ्यात आधी ती वहीच मागितली.