स्लिपवर पीएफ कापला, खात्यात आलाच नाही

पगाराच्या स्लिपवर पीएफ (भविष्य निधी) कापलेला दिसला म्हणजे तो खात्यात गेला, असं धरून चालू नका. गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आम्ही पॅकिंगला होतो. बहुतेक बायका डिचोली-सत्तरीकडच्या, काही दोडामार्गहून येणाऱ्या. काम कंपनीचं, हजेरी कंत्राटदाराची. एकूण पगार 14,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000. दरमहा 1,440 रुपये पीएफचे आणि 105 रुपये ईएसआयचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) कापूनच पगार हातात यायचा.

हे उघडकीला आलं ते आमच्यातल्या एकीच्या ऑपरेशनमुळे. ईएसआयच्या खिडकीवर तिला सांगितलं, तुमचा हप्ता बऱ्याच महिन्यांपासून आलेला नाही. कार्ड पर्समध्ये होतं, कपात स्लिपवर होती, तरी शेवटी बांगड्या गहाण ठेवून खाजगी इस्पितळाचं बिल भरावं लागलं. मग आम्ही साखळीला एका मुलाकडे बसून प्रत्येकीचं पीएफ पासबुक उघडून घेतलं. सुरुवातीच्या नोंदी अगदी व्यवस्थित: आमचे 1,440, मालकाचे 440, पेन्शनचे 1,000. त्याखाली काहीच नाही. पहिले हप्ते मुद्दाम भरलेले. नवीन लागलेली बाई एकदोनदा मोबाइलवर बघते, पैसे आलेले दिसतात, विश्वास बसतो. मला सगळ्यात जास्त चीड या चालीची येते.

विचारलं की सुपरवायझर म्हणायचा, सर्व्हर डाउन आहे. नंतर म्हणू लागला, कंपनीनेच बिल अडकवलंय. आणि ऐन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर कंत्राटदाराने फर्मचं नाव बदललं. शेवटचा पगार हवा तर एका इंग्रजी कागदावर सही करायची होती: स्वखुशीने काम सोडलं, काही देणं बाकी नाही. तारखेची जागा कोरी, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. "बाय, सण तोंडावर आलाय, सही कर आणि पैसे घे," एवढंच तो प्रत्येकीला सांगत होता. घरी माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणायचं बाकी असताना कोण नाही म्हणणार? ज्यांनी सही केली त्यांनीही घाबरू नये. पीएफ कायद्याने द्यायचं देणं आहे, अशा कागदाने ते बुडत नाही.

कंत्राटदाराने हप्ता भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे आम्हाला पणजीला पाटोवरच्या भविष्य निधी कार्यालयात गेल्यावर नीट समजलं. गेटवर मात्र सगळे सांगत होते, तुमचा कंपनीशी संबंधच नाही. म्हणून तक्रारीत दोन्ही नावं घाला. सोबत स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, गेटपास आणि हजेरी कार्डाचा फोटो जोडा. गेटपासवर कंपनीचं नाव असतं, तोच आमच्या सगळ्यात जास्त उपयोगी पडला. काम सुटल्यावर तो परत मागतात, त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

मागच्या महिन्याचा हप्ता मालकाने 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर 9966044425 वर मिस्ड कॉल द्या, शेवटचा हप्ता आणि शिल्लक मेसेजने येते. मोबाइल यूएएनला (तुमच्या कायमच्या पीएफ नंबरला) जोडलेला आणि केवायसी झालेली हवी. स्लिपशी ताडून बघा, आणि एकटीचं नको, सगळ्या लाइनचं मिळून बघा.

आमच्या तक्रारीची चौकशी चालू आहे, कंपनीलाही नोटीस गेली आहे. पण तोच कंत्राटदार आता नव्या नावाने भरती करतोय, म्हणून हे लिहिते आहे. नेमणूकपत्रावर कोणत्या फर्मचं नाव आहे ते वाचा. तुमचा जुना यूएएन द्या. "नवीनच काढू" म्हणाला तर ऐकू नका, कारण पेन्शनला 10 वर्षांची सेवा लागते आणि वेगवेगळ्या नंबरांवर तिचे तुकडे पडले की ते जोडत बसायचं काम तुमच्याच गळ्यात येतं.