बॉटच्या स्क्रीनवर ‘आयसोलेटेड’, खात्यात मात्र ‘क्रॉस’

११ ऑक्टोबर २०२५ च्या पहाटे क्रिप्टो एक्सचेंजवरच्या माझ्या फ्युचर्स वॉलेटमधले (थोड्या रकमेवर मोठे सौदे करायच्या पाकिटातले) ३,८०० यूएसडीटी गेले. एक यूएसडीटी म्हणजे साधारण एक डॉलर. रुपयांत साधारण साडेतीन लाख. खातं हॅक झालं नव्हतं, ओटीपी कुणाला दिला नव्हता. माझ्या वतीने आपोआप सौदे करणाऱ्या बॉटसाठी एपीआय की (त्याला माझं खातं वापरू देणारी किल्ली) बनवताना पैसे काढायची परवानगी मी मुद्दाम बंद ठेवली होती आणि तेवढ्यावरच निर्धास्त होतो. पैसे बाहेर न काढताही खातं रिकामं करता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बॉट टेलिग्रामवरच्या एका चॅनेलवाल्याकडून घेतला, १८,००० रुपयांना. एक्सचेंजवरचं खातं त्यानेच दिलेल्या रेफरल लिंकवरून उघडायचं, ही अट होती. माणूस मराठी. व्हिडिओ कॉलवर दीड तास बसून त्याने सगळं जोडून दिलं. मी त्याला एकच विचारलं होतं, जास्तीत जास्त बुडतील किती? तो म्हणाला, “दादा, मार्जिन मोड आयसोलेटेड ठेवलाय. एका कॉइनला १०० लावले की फार तर तेवढेच जातील. पाच कॉइन, म्हणजे ५००. बाकीच्या पैशाला हात लागत नाही. स्टॉपलॉस लावायचीही गरज नाही.” (स्टॉपलॉस म्हणजे ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर.)

त्याने मोडचा अर्थ सांगितला तो खरा होता. आयसोलेटेडमध्ये त्या सौद्याला लावलेलं मार्जिनच, म्हणजे तारण ठेवलेली रक्कमच, पणाला लागते. क्रॉसमध्ये फ्युचर्स वॉलेटमधली सगळी शिल्लक उघड्या सौद्यांना तारण असते. २०एक्स लिव्हरेजवर, म्हणजे लावलेल्या रकमेच्या वीसपट सौदा करताना, १०० यूएसडीटीत २,००० चा सौदा होतो, आणि आयसोलेटेड असेल तर भाव साडेचार-पाच टक्के उलटा गेला की एक्सचेंज तो बंद करतं; यालाच लिक्विडेट होणं म्हणतात.

आता छोट्या कॉइनमध्ये पाच टक्के म्हणजे काहीच नाही, दिवसातून दोनदासुद्धा हलतात. तरी सहा आठवडे माझा एकही सौदा लिक्विडेट झाला नाही. भाव सात-आठ टक्के पडायचा, बॉट थांबून राहायचा, भाव परत यायचा, तीन-चार डॉलर नफा दिसायचा. शंका यायला हवी होती ती इथेच. माझे सौदे टिकत होते, कारण त्यांच्यामागे माझं अख्खं वॉलेट उभं होतं. एक्सचेंजच्या अ‍ॅपमध्ये लिक्विडेशन प्राइसच्या (ज्या भावाला सौदा लिक्विडेट होईल त्या) रकान्यात बऱ्याचदा आकडाच नसायचा, दोन आडव्या रेघा दिसायच्या. मी स्क्रीनशॉट पाठवून विचारलं. उत्तर आलं, “दादा, म्हणजे धोकाच नाही.” आयसोलेटेडमध्ये २०एक्सचा सौदा असताना तिथे आकडा असायलाच हवा, आणि तोही खरेदीच्या भावाला चिकटून. त्या दोन रेघा वॉलेटमधल्या ३,८०० मुळे होत्या.

मधे मी नफ्यातले ३०० काढून घेतले. ते बँकेत जमा झाल्यावर मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

१० ऑक्टोबरच्या रात्री ट्रम्प यांनी चीनवर १०० टक्के टॅरिफची घोषणा केली आणि आपल्याकडे पहाट होईपर्यंत बाजार कोसळला. बिटकॉइन १ लाख २० हजार डॉलरच्या वर होतं, ते १ लाख ५ हजारांच्या आसपास आलं. छोटे कॉइन तर कित्येक अर्ध्यावर आले. त्या एका दिवसात जगभरात १९ अब्ज डॉलरहून जास्त सौदे लिक्विडेट झाले. माझे पाच सौदे मिळून १०,००० चे होते. सरासरी ३८ टक्के पडझडीत ३,८०० संपतात, आणि ते संपले. आयसोलेटेड असतं तर ५०० जाऊन विषय मिटला असता.

सकाळी बॉटच्या स्क्रीनवर पाचही कॉइनपुढे ‘आयसोलेटेड’ आणि हिरवी खूण तशीच होती. एक्सचेंजच्या इतिहासात त्याच पाच सौद्यांपुढे ‘क्रॉस’.

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. बॉट माझ्याच लॅपटॉपवर चालायचा, त्यामुळे लॉग फाइल (बॉटने केलेल्या प्रत्येक कामाची वेळेसकट नोंद) हाताशी होती. त्याने एका सौद्यावर बोट ठेवलं. “मामा, हे बघ. ०९:१४:०३ ला ऑर्डर गेली. मोड बदलायची कमांड ०९:१४:०४ ला.” सौदा उघडा असताना एक्सचेंज त्या कॉइनचा मोड बदलू देत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी नकार आला होता आणि खातं मुळात होतं त्या क्रॉसवरच राहिलं होतं. बॉट तो नकार गिळून स्क्रीनवर हिरवी खूण दाखवत होता.

ही नजरचूक म्हणून मी सोडून दिली असती. पण चॅनेलमधल्या दुसऱ्या एका ग्राहकाने मला सांगितलं, की हीच गोष्ट त्याने जुलैमध्ये विक्रेत्याला लॉगसकट दाखवली होती. त्याचा मेसेज पुसला गेला आणि त्याला काढून टाकलं. मी लॉग पाठवला तेव्हा माझंही तेच झालं. क्रॉसमुळे विक्रेत्याचे ‘न हरणारे’ स्क्रीनशॉट तयार होत होते, तो हे सुधारेल कशाला? शिवाय रेफरलमुळे माझ्या प्रत्येक सौद्याच्या फीमधला वाटा त्याला मिळत होता. सहा आठवड्यांत ३१० सौदे झाले. २,००० वर ०.०५ टक्के फी, घेताना आणि विकताना, म्हणजे सौद्यामागे दोन डॉलर. माझे ६२० डॉलर नुसत्या फीत गेले होते.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. सायबर पोलिसांनी विचारलं, “पैसे कुणाच्या खात्यात गेले?” यूपीआयने दिलेल्या १८,००० चं उत्तर माझ्याकडे होतं. बाकीचे बाजारात गेले, माझ्याच खात्यातून, माझ्याच कीने. क्रिप्टो फ्युचर्स सेबीच्या कक्षेत येत नाहीत, म्हणजे तो दरवाजाही बंद.

कुणाचा असा बॉट आत्ता चालू असेल, तर कृपा करून बॉटची स्क्रीन बघू नका. एक्सचेंजचं अ‍ॅप उघडा आणि उघड्या सौद्यात कॉइनच्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘क्रॉस’ असेल तर आधी बॉट थांबवा, सौदा बंद करा, लटकलेल्या ऑर्डरी रद्द करा, मग प्रत्येक कॉइनचा मोड अ‍ॅपमधून स्वतःच्या हाताने बदला; एका कॉइनचा बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. आणि जेवढे बुडाले तरी चालतील तेवढेच फ्युचर्स वॉलेटमध्ये ठेवून बाकीचे स्पॉट वॉलेटमध्ये (फ्युचर्सपासून वेगळ्या पाकिटात) हलवा. मला हे करायला पाच मिनिटं लागली असती.